घरचा घोडा

कुसुमावती : आणि ब्रेक? ब्रेक कुठाय याला?

हंबीरराव : पाय आहे ना. मागच्या चाकावर टाच दाबायची.

कुसुमावती : म्हणजे पहिल्या पगारात चपलाच घ्यायच्या. बरं.

हंबीरराव : तू तो पाना दे आधी. आज नोकरीचा पहिला दिवस, सकाळी सकाळी अपशकुन नको.

कुसुमावती : मी कशाला अपशकुन करू? फळी माझ्या इस्त्रीच्या टेबलाची, पट्टा माझ्या घरघंटीचा, दांडा आपल्या मितालीच्या लहानपणच्या तीनचाकी सायकलचा. इंजिन तेवढं भंगारवाल्याकडचं, तेही फवारणी पंपाचं! घरात पीठ नाही आणि अंगणात गाडी.

हंबीरराव : दुसरा पट्टा बसलाच नाही त्याला.

गजेंद्र : (फाटकातून) दाजी, चालो ने! बस नाक्यावर येईल एवढ्यात. अक्का, हे अजून बनियनवर?

हंबीरराव : तू जा बसने, गजेंद्र. मी माझ्या वाहनावर येतो.

गजेंद्र : वाहन? आ शुं छे? लहान मुलं एका पायानं ढकलतात ते?

हंबीरराव : त्याला इंजिन आहे.

गजेंद्र : पण कंपनीची बस आहे ने! आपली आख्खी तरसाली वस्ती तिच्यातून जाते.

कुसुमावती : तरसाली जाईल रे, तुझे दाजी कसे जातील? शिलेदारांचं घराणं! आजोबा संस्थानच्या रिसाल्यात स्वतःचा घोडा घेऊन जायचे. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, हलका माणूस. गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेत, तू शब्द टाकून नोकरी मिळवून दिलीस, तर म्हणे कंपनीच्या बसमध्ये बसलो की बारगीर झालो.

गजेंद्र : म्हणजे मी बारगीर?

हंबीरराव : मी कुणाचं नाव घेतलं नाही.

गजेंद्र : राहिलं काय घ्यायचं? दाजी, पन्नाशीच्या माणसाला हल्ली कोण घेतं? सुपरवायझरच्या मागे मागे फिरलो मी. सातला गेट बंद होतं. पहिल्याच दिवशी लेट झालात तर नाव कट. पछी माझी इज्जत पण पूरी गेली.

हंबीरराव : कंपनी मकरपुऱ्यात आहे, दिल्लीला नाही. दोरी ओढली की निघालोच.

गजेंद्र : ओढा मग.

हंबीरराव : ओढतोय.

कुसुमावती : खोकलं बघा. पुन्हा ओढा. कपाशीवर औषध मारायचं आठवलं असेल त्याला.

हंबीरराव : प्लगवर तेल आलंय, दुसरं काही नाही.

कुसुमावती : समोरच्या गॅलरीत सगळे पटेल चहाचे कप घेऊन उभे आहेत. हात तरी हलवा त्यांच्याकडे बघून. शिलेदाराची स्वारी रोज रोज कुठे बघायला मिळते!

गजेंद्र : हॉर्न वाजला! दाजी, हात जोडतो, चला.

हंबीरराव : तू नीघ.

गजेंद्र : अक्का, तू तरी सांग ने यांना! मी चाललो, ड्रायव्हर थांबायचा नाही.

कुसुमावती : गेला बिचारा. आता ऐका. इतकी वर्षं पोटात ठेवलं, आज बोलतेच. सासूबाईंनी मला सांगितलं होतं. तुमच्या आजोबांचा घोडा त्यांचा नव्हता, सरकारी पागेतला होता. बारगीर होते ते! सोयरिकी जमवताना बरं दिसावं म्हणून शिलेदार झाले. असल्या थापेपायी हातची नोकरी घालवताय तुम्ही. सोडा ती दोरी. रिक्षा बघा.

हंबीरराव : मला माहीत आहे.

कुसुमावती : काय माहीत आहे?

हंबीरराव : घोड्याचं. आईनं तुला सांगितलं, आबांनी मला, जाताना. आजोबांनी जन्मभर स्वतःच्या घोड्याचा ध्यास घेतला, जमलं नाही. आबा गिरणीत जायचे ती सायकल त्यांच्या मेहुण्याची. माझी स्कूटर गिरणीच्या कर्जावरची, गिरणीबरोबर तीही गेली.

कुसुमावती : आणि हे माहीत असून बडोदाभर शिलेदार म्हणून मिरवलात? माझ्या माहेरच्यांना नावं ठेवलीत?

हंबीरराव : ठेवली. चुकलं माझं. पण आजचं ते मिरवणं नाही ग. उद्या बसमध्ये बसेन, परवा बसेन, काढून टाकेपर्यंत बसेन. गजेंद्रच्या शेजारी बसेन. आज एकदा तरी या घरातला माणूस कामावर स्वतःच्या वाहनावर जाऊ दे. हे मी बनवलंय. कुणाचं नाही.

कुसुमावती : पट्टा माझा आहे.

हंबीरराव : पट्टा तुझा आहे.

कुसुमावती : वेडे आहात निव्वळ. मला आधी सांगता आलं नाही हे? महिनाभर हसतेय मी तुम्हाला.

हंबीरराव : तू हसत होतीस तेच बरं होतं. कीव केली असतीस तर हातातला पाना गळला असता.

कुसुमावती : साडेसहा झाले.

हंबीरराव : ऐकू आला कंपनीचा भोंगा.

कुसुमावती : ढकललं तर सुरू होतं का हे?

हंबीरराव : होईल. पण मागून पळावं लागेल, पार वळणापर्यंत. आणि पटेल अजून गॅलरीतच आहेत.

कुसुमावती : असू देत. शर्ट घाला तुम्ही. मी पदर खोचते.