बिबट्याने नेलेला थर्मोस्टॅट

गुणाजी : सांगून उपयोग नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही. अख्ख्या मरोळमध्ये ठेवणार नाही. पण मिथुनच्या जीपमधला थर्मोस्टॅट धाकूने काढलेला नाही, तेजल. तो बिबट्याने नेला.

तेजल : आबा, प्लीज. मला थर्मोस्टॅटच्या कव्हरखालचं हे जुनं पॅकिंग खरवडू द्या. चार वाजता मिथुन येतोय. कोपरापर्यंत बँडेज बांधून येतोय.

गुणाजी : म्हणूनच सांगतो. एका जनावरापायी माणूस कामावरून जाऊ नये. धाकू, पेटी भरायची थांब जरा.

धाकू : भरान होत इली, आबानु.

तेजल : थांबू नका, काका. बावीस वर्षं तुम्ही या गॅरेजात आहात, मला कडेवर घेऊन फिरलात, सगळं मान्य. पण शनिवारी रेडिएटर तुम्ही धुतलात. सोमवारी मिथुन जीप घेऊन गेला. मधे कुणाचा हात लागला नाही. काल मी विचारलं, थर्मोस्टॅट कुणी काढला, तर तुम्ही मान खाली घालून उभे. मग मी काय समजू?

धाकू : तुझा बराबर आसा, बाय.

गुणाजी : काय बरोबर आहे? कप्पाळ! मधे रविवार होता की नाही? त्याच रविवारी तो आला. आरेच्या जंगलातून सरळ, भिंतीवरून उडी मारून. भर दुपारी. केवढा म्हणशील? शेपूट त्या कंप्रेसरपाशी नि मिशा इथे माझ्या गुडघ्याला.

तेजल : रविवारी गॅरेज बंद असतं.

गुणाजी : बिबट्याला काय ठाऊक?

तेजल : तुम्ही काय करत होता इथे?

गुणाजी : मी देवाला फूल घालायला आलो होतो. जोगेश्वरीला घरात बसून बसून भिंती मोजून झाल्या माझ्या. किल्ली अजून माझ्याकडेच आहे, काढून घेतलेली नाहीस. तर शटर वर केलं, मागे वळलो, नि हा जीपच्या बॉनेटवर! पंजे दुमडून, मांजरीसारखा. बॉनेट गरम होतं ना, ऊब घेत बसला.

तेजल : शनिवारपासून बंद असलेल्या गाडीचं बॉनेट गरम?

गुणाजी : उन्हाने.

तेजल : गाडी आत होती, आबा.

गुणाजी : तू ऐकणार आहेस की उलटतपासणी घेणार आहेस? कूलंट असतं गोड. त्याचा वास त्याला आला. पंजाने झाकण उचकटलं, जीभ घातली नि थर्मोस्टॅटच आला की तोंडात! पितळेचा. आणि त्याच्या जिभेवर, माझ्या डोळ्यांदेखत, तो वॉल्व टप्पकन उघडला!

तेजल : तो ब्याऐंशी डिग्रीला उघडतो.

गुणाजी : मग ताप असेल त्याला.

धाकू : बिबटो खरो, तेजूबाय. मियां पण बगलंय.

तेजल : काका, तुम्ही रविवारी कुर्ल्याला बहिणीकडे जेवायला होतात. तिथून मला फोटो पाठवलात, सोलकढीचा.

धाकू : येताना बगलंय. रस्त्यावर. तोंडात कायतरी पिवळा होता.

तेजल : वा. दोघांनी मिळून बसवलंय ना हे?

गुणाजी : अगं, पण एवढं काय झालं? थर्मोस्टॅट नसला म्हणून इंजिन तापतं होय? चाळीस वर्षं आम्ही ते काढून फेकत आलो. इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून तो वॉल्व. मुंबईत थंडी कुठे आहे? काढला की पाणी मोकळं, गरगर रेडिएटरमधून फिरतंय. एक गाडी तापली नाही कधी. लोक दुवा द्यायचे.

तेजल : जुन्या गाड्यांचं तसं असेल. हिचं नाही. हिच्यात पाण्याला दोन वाटा आहेत. एक रेडिएटरकडे जाते, दुसरी आडवाट, इंजिनातून निघून परत इंजिनात. पाणी तापलं की थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीने आडवाट बुजवतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी. अर्धं पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता तसंच गरम परत.

गुणाजी : पण मग इथून घरी नेताना तापली कशी नाही?

तेजल : रिकाम्या रस्त्यावर पळत होती, समोरून वारा. उलट तापमानाचा काटा वर येईना म्हणून मिथुन खूश. मग नेली पालघरकडे, त्यांच्या त्या चिखलातल्या शर्यतीला. पहिल्या गिअरमध्ये चढ, इंजिन बोंबलतंय, वेग माणसाच्या चालीचा, रेडिएटरच्या जाळीत माती भरलेली. थर्मोस्टॅट असता तर सगळं पाणी रेडिएटरमधून गेलं असतं, कसंबसं निभावलं असतं. इथे अर्धंच जात होतं.

गुणाजी : काटा बघायचा ना त्याने.

तेजल : बघितला. लालमध्ये गेला, म्हणून थांबला. थोड्या वेळाने काटा धपकन खाली आला. त्याला वाटलं, गार झालं. पाणी उडून गेलं होतं, आबा. काटा मोजत होता रिकामी जागा. त्याने फडकं घेतलं नि रेडिएटरचं झाकण फिरवलं. आत उरलेलं सगळं अंगावर आलं. मान थोडक्यात वाचली.

गुणाजी : आडवाट म्हणतेस.

तेजल : हो.

गुणाजी : खालच्या चकतीने बुजते.

तेजल : दोन वर्षांपूर्वी ट्रेनिंगला शिकवलं हे. मी होते, काका होते. काकांनी वहीत चित्र काढून आणलं होतं. म्हणून तर डोकं फिरतंय माझं. माहीत नसताना केलं असतं तर एक वेळ...

धाकू : मी निघतंय. मिथुन येवच्या आधी गेलेला बरा.

गुणाजी : बस खाली! तो बिबट्या, तेजल, परत आला असेल. थर्मोस्टॅट ठेवून गेला असेल तो. ही जनावरं प्रामाणिक असतात. आपण मागच्या गल्लीत बघू. मिथुनला सांगू, वनखात्याला कळवलंय...

तेजल : आबा.

गुणाजी : मी बोलतो त्याच्याशी. माझं ऐकेल. त्याच्या बापाची टॅक्सी मी...

तेजल : आबा, हे पॅकिंग पुठ्ठ्याचं आहे.

गुणाजी : असेल. पुठ्ठा चांगला बसतो.

तेजल : काका पुठ्ठा वापरत नाहीत, ट्यूबमधली पेस्ट लावतात. गेली दहा वर्षं. हे कात्रीने कापलंय, भोकं हातोडीने ठोकून पाडलीत. आणि वरचा थर निघाला तर खाली सोनेरी अक्षरं आहेत. “स्नेहभोजन, दुपारी साडेबारा ते...” ही आपल्या दीप्तीच्या लग्नाची पत्रिका आहे. उरलेला गठ्ठा तुमच्या कपाटात आहे.

(कंप्रेसर आपोआप सुरू झाल्याचा आवाज येतो.)

धाकू : कपाटातसून मीच घेतलंय एक.

तेजल : कपाटाला कुलूप असतं, काका.

धाकू : रवांदे गे बाय. काय करतलंस आता? दिवाळीत तेलाचो बोल्ट ढिलो रवलो, तेवा तू हेंका गाडयेक हात लावची बंदी केलंस. ता कळलां तर किल्ली पण जायत. मगे दिवसभर हेनी काय करूचा?

तेजल : तुम्हाला ठाऊक होतं.

धाकू : कव्हर उघडल्याबरोबर कळलां. पानो कसो धरूचो, ता हेनीच माका शिकवल्यानी. हेंचा काम वळखूक येयना काय?

गुणाजी : पाणी मोकळं फिरावं एवढंच होतं गं माझ्या मनात. पोरगं चिखलात जातंय, इंजिन गार राहावं. कुणाला सांगायचीही गरज नाही, आपलं जाता जाता... बिबट्या हे बघत होता, तेजल. खोटं नाही. तो बॉनेटवरच बसून होता आणि माझ्या हातातून...

तेजल : काका, पेटी खाली ठेवा. कुठे जायचं नाही तुम्ही.

गुणाजी : ...हातातून त्याने असा अलगद...

तेजल : बिबट्या आलाच नव्हता, आबा. तुम्ही एकटेच होतात.