गुरुजींनी दिलेलं जाजम

दातांच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. नववीतल्या एका मुलीने पुस्तक उघडलं खरं, पण कान शेजारच्या दोन बायकांना चिकटले ते चिकटलेच. एक सुताराची बायको, दुसरी गवंड्याची.

“सहा महिने आपल्या दोन गल्ल्या नळाच्या पाण्यासाठी भांडतायत, आणि प्रार्थनाघरातल्या गुरुजींनी आपल्या दोघींच्या नवऱ्यांना बोलावून सांगितलं काय, तर जाजम घडी करा!”

“आमचे सुतारबुवा घरी येऊन अवाक्षर बोलले नाहीत. तूच सांग.”

“भांडलेल्यांना तिथे तेवढंच काम देतात गं. चाळीस फुटी जाजम, एक टोक तुझ्या नवऱ्याकडे, दुसरं माझ्या.”

“ह्यांनी तोंड फिरवूनच धरलं असेल.”

“दोघांनीही! घडी पडली वाकडी. गुरुजी म्हणाले, पुन्हा उलगडा. असं सात वेळा.”

“अगंबाई! मग?”

“मग आमचे गवंडी ओरडले, ‘डावीकडे ओढ की रे, बैला!’”

“आणि आमचे?”

“‘आधी तू सैल सोड, रेड्या!’”

“सहा महिन्यांनी पहिला शब्द, आणि तोही बैल!”

“हसू नकोस, शेवटच्या घडीपर्यंत पाण्याच्या वेळाही ठरल्या. सकाळी तुम्ही, संध्याकाळी आम्ही.”

“म्हणजे आता आपल्याला इथे चोरून भेटायला नको? दातदुखीचं सोंग करून करून माझी दाढ खरंच ठणकायला लागली होती.”

“चल, ऊठ. आज एकत्र घरी जाऊ.”

“तुमच्या गल्लीतून की आमच्या?”

“नळाजवळून! आणि तेही भर गर्दीच्या वेळी.”