देव घेऊन गेलेली पाव्हनी

— तिथंच बसा ना जाऊबाई, ओट्यावर. सावली हाय. आत कुटी येता, तुमच्या खोलीत आता सोयाबीनचे कट्टे हायेत, पाय ठेवाले जागा नाही. अन् ते पेटी खाली ठेवा, मांडीवर काहून धरून बसल्या? देव हायेत म्हून? ठेवा. आता त्यायले कायचा इटाळ, कॅनडा फिरून आले ते.

मी तं राजपालले फोनवर म्हनलं होतं — बापू, तुह्या मायची कायमची राह्याची परवानगी येऊ दे, मंग ने. नाही, त्याले घाई. परवानगीले दोन वर्सं लागतीन काकू, तोवर पाव्हनी म्हून येऊ दे. पाव्हनी! अन् तुमी निंगाल्या कशा? दोन्ही खोल्या पंचायसमोर आमाले देऊन, बकरी नंदेले देऊन, गाव जेवू घालून. केनवडच्या फाट्यावर गळ्यात हार — असं जाते का कोनी पाव्हनं? मले हसू येत होतं, पन हसली नाही मी.

मंग कॅनडाच्या इमानतळावर सायबानं पेटी उघडली, त्याचं काय चुकलं? हातात परतीचं तिकीट अन् पेटीत देवाचे टाक, वारलेल्या थोरल्या भाऊजीचा फोटो, खलबत्ता. हे काय, त्यानं इचारलं. तुमी सांगतलं — आमचे घरचे देव, जिथं देव तिथं घर. झालं. तीन महिन्याच्या पाव्हनीसंगं देव कायले येतीन, येवढं त्यालेबी समजते. त्याच इमानतळावरून वापस. राजपाल बाहीर उभा होता म्हने, पोरीले कडेवर घेऊन. तुमाले दिसला का? काचेतूनबी नाही? बरं.

देव तं तुमी माह्यापाशीच ठेवून जात होत्या. मीच म्हनलं, माह्यानं पूजा होत नाही, घेऊनच जा. मले काय मालूम — म्हंजे मालेगावचा तो इजाचे कागद करनारा दलाल म्हनला होता, सामान पाव्हन्यासारखंच भरा, घर उठवलं असं दिसू देऊ नका. तुमी तवा बाहीर चहा पेत होत्या. सांगाचं राह्यलं. राह्यलं काय — नाही सांगतलं. देव घरात राह्यले असते तं घर तुमचंच राह्यलं असतं ना. आमचे हे रोज म्हनले असते, वहिनी येईन, खोली झाडून ठेव. अन् मी लग्न होऊन आली तवापासून साखरेच्या डब्याची चावी तुमच्या कमरेले. माहेरचं मानूस आलं तरी चहासाठी तुमाले साखर मांगावं लागे. तवा तुमाले कधी लाज वाटली का?

परवानगी अजून येईन म्हनते राजपाल. येऊ द्या ना, कोन नाही म्हनते. पन तोवर इथं कोन म्हून राहान? पाव्हनी म्हून? पाव्हन्याले परतीची गाडी लागते, जाऊबाई. वाशीमले भाऊ हाय ना तुमचा, जा त्याच्याकडं. नाही म्हनते का तो? मंग मी काय करू.

थांबा — गाडी वाजली. ह्यायचीच हाय. त्यायले मालूमच नाही तुमी वापस आल्या, राजपालचे फोन मीच उचलते. पायतीन तं लहान पोरासारखे रडतीन, कट्टे काढून खोली मोकळी करतीन. उठा. पेटी घ्या. तिकून नाही, गोठ्याच्या मांगून जा. त्यायनं इचारलं तं मी सांगीन — कोनी आलं नवतं.