नांगराच्या रहाटाजवळची जागा

धाकटा : थांबा, दोरी कापू नका, गाठ सुटते का बघतो. एवढ्या गाठी कुणी मारल्या, दाजी?

दाजी : मीच.

धाकटा : नांगराचा रहाट बांधलाय की चोर?

दाजी : वाऱ्याने उडेल म्हणून. बोटीच्या पुढच्या टोकाला वारा जास्त लागतो.

धाकटा : आणि हे प्लास्टिक दोन पदरी?

दाजी : तीन. खालूनही घेतलंय. समुद्राचा थेंब आत जायला नको.

धाकटा : थेंब आत गेला नाही, तसा आतला बाहेरही आला नाही. हात घाला इथे. काय लागतंय?

दाजी : ओलं.

धाकटा : घाम फुटलाय त्याला. खारी हवा आत कोंडली, दिवसा तापली, रात्री गार झाली की पाणी सुटलं. रोज तेच. वर्षभर खाऱ्या वाफेत शिजत बसलाय बिचारा.

दाजी : मला वाटलं, जपतोय.

धाकटा : ते दिसतंय. तुम्ही इकडे येतच नव्हता का?

दाजी : यायचो की. रोज.

धाकटा : आणि काय करायचात?

दाजी : गाठी तपासायचो.

धाकटा : धन्य आहे. सरका जरा, उजेड येऊ द्या.

दाजी : हे पांढरं काय आलंय? गंज तर तांबडा असतो.

धाकटा : लोखंडाचा तांबडा. याचं अंग ॲल्युमिनियमचं, ते असं फुलतं. भिंतीला पापुद्रे सुटतात ना, तसं. ताई असती तर आपल्या दोघांना पाण्यात ढकललं असतं.

दाजी : तुला का? तू काय केलंस?

धाकटा : मी बघायला आलो नाही ना. वर्षभर म्हणत राहिलो, दाजींना एकटं राहू दे. तिने स्वतः शिवलेलं कव्हर होतं की याला. तुमच्या जुन्या पँटचं. ते कुठे गेलं?

दाजी : घरी आहे.

धाकटा : तेच घालायचं होतं. सुती कापड, खालून मोकळं, हवा खेळायची. खिसासुद्धा ठेवला होता तिने.

दाजी : ग्रीसचा ब्रश ठेवायला.

धाकटा : मग ते सोडून हे प्लास्टिक का?

दाजी : ते धुवून वाळत घातलंय.

धाकटा : कधी घातलंत?

दाजी : तिने घातलंय. दवाखान्यात जायच्या आधी.

धाकटा : अजून दोरीवरच आहे?

दाजी : हो.

धाकटा : बरं. राहू दे. तो पाना द्या. लहान नाही, त्याच्या शेजारचा.

दाजी : हा?

धाकटा : हा. आधी दांडा घालून बघू. लागला का भोकात? हं, ओढा आता. ओढताय ना?

दाजी : ओढतोय.

धाकटा : मला वाटलं नुसता हात ठेवलाय. सोडा, मी बघतो. नाही. ढिम्म आहे. दाजी, आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना?

दाजी : आहे.

धाकटा : आज सुटला तर सुटला. नाही सुटला तर ग्राइंडरने बोल्ट कापायचे आणि तो नवीन बसवायचा, बटणाचा. मी घेऊनच आलोय, गाडीत आहे. सुकाणूपाशी उभ्या उभ्या बटण दाबलं की नांगर वर. तुम्हाला एकट्यालाही बोट नेता येईल.

दाजी : माहीत आहे.

धाकटा : मग दाढ उपटायला आल्यासारखं तोंड का केलंय?

दाजी : त्या बटणाच्या रहाटाला आवाज असतो का?

धाकटा : मोटरचा असतो. मिक्सरसारखा.

दाजी : खटक्याचा नसतो?

धाकटा : खटका कशाला लागेल त्याला? हाताने फिरवताना साखळी मागे पळू नये म्हणून खटका. तिथे मोटरच धरून ठेवते.

दाजी : हं.

धाकटा : नुसतं हं काय? बोला की.

दाजी : मला तो आवाज एकदा ऐकायचाय. मग काप हवं तर.

धाकटा : कसला आवाज?

दाजी : खटक्याचा. मी मागे सुकाणूपाशी उभा असायचो. मध्ये केबिन येते, पुढचं काही दिसत नाही. ती इथे खाली बसून फिरवायची, तिचं डोकंसुद्धा दिसायचं नाही. नुसतं खट, खट यायचं कानावर. त्यावरून कळायचं.

धाकटा : नांगर किती वर आला ते?

दाजी : ते पण. ती आहे पुढे, ते.

धाकटा : स्टोव्ह चालू आहे का केबिनमधला?

दाजी : असेल. का?

धाकटा : पाणी तापवा. मोठं पातेलं भरून. गोडं पाणी, समुद्राचं नको.

दाजी : तेवढं कळतं मला.

धाकटा : सकाळपासून बघतोय ना, काय काय कळतं ते. आणि चहाचं वेगळं ठेवा. नाहीतर रहाटाला चहा पाजाल.

दाजी : गरम पाण्याने काय होईल?

धाकटा : मीठ विरघळेल आणि धातू जरा फुगेल. फुगला की सुटायला जागा होते. ताईचं काय चालायचं मग? किनाऱ्याला लागलं की पहिली बादली कुणाला?

दाजी : रहाटाला. मी तहानेने मरायचो. मला नंतर.

धाकटा : आणि बादली ओतताना दांडा मागेपुढे करायची. मी विचारलं होतं तिला, कशाला? म्हणाली, तू अंघोळ करताना हात वर करतोस की नाही?

दाजी : मलाही तेच सांगितलं होतं. मी म्हटलं, घरी माझ्याकडेही एवढं लक्ष देत जा.

धाकटा : मग?

दाजी : म्हणाली, तुम्ही गंजत नाही.

धाकटा : जा, पाणी ठेवा. तोवर मी बोल्ट बघतो.

दाजी : ठेवलं. तापतंय. बोल्टचं काय?

धाकटा : मला वाटलं, हेच आधी तुटणार. बोल्ट स्टीलचे, अंग ॲल्युमिनियमचं. खारं पाणी मिळालं की एकमेकांना खातात. पण हे बघा, पाना लावला आणि फिरला. आटे स्वच्छ आहेत. एकेक बोल्ट काढून लेप लावलाय तिने, मगच पुन्हा बसवलाय.

दाजी : ती म्हणायची, या दोघांना एकत्र ठेवायचं तर मध्ये काहीतरी मऊ पाहिजे.

धाकटा : बोल्टबद्दल?

दाजी : बोल्टबद्दलही म्हणायची. पण आधी तुझ्या-माझ्याबद्दल.

धाकटा : लग्नात तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतंय?

दाजी : नाही.

धाकटा : मला आठवतं. जाऊ द्या. पाणी उकळलं वाटतं, झाकण वाजतंय.

दाजी : आणतो. सरक, अंगावर येईल.

धाकटा : हळूहळू ओता. चाकाच्या कडेने, अंगावर. वाफ तोंडावर घेऊ नका. पुन्हा. अजून. आता तो लाकडी हातोडा द्या.

दाजी : ठोकणार? फुटेल.

धाकटा : थोपटणार. ठोकणं वेगळं.

दाजी : मला दोन्ही सारखंच ऐकू येतंय.

धाकटा : मग कान बंद करा. खाली एक भांडं धरा, प्लग काढतोय. आतलं तेल बघू दे. तेल बिघडलं असेल तर सगळीच मेहनत वाया. आतल्या चाकांचे दात गेले असं समजायचं, ग्राइंडर काढायचा.

दाजी : धरलं. काढ.

धाकटा : मान वळवू नका, बघा.

दाजी : तू बघ. मला सांग.

धाकटा : काळं आहे.

दाजी : म्हणजे गेलं?

धाकटा : काळं चांगलं. पाणी शिरलं असतं तर दुधासारखं पांढरं आलं असतं. हे नुसतं जुनं आहे, बाकी काही नाही. दाजी, आत काही झालेलं नाही.

दाजी : वर्षभर असं राहून?

धाकटा : दांडा जातो ना आत, त्या फटीत बोट घाला. काय लागतं?

दाजी : ग्रीस.

धाकटा : किती?

दाजी : गच्च भरलंय.

धाकटा : एवढं कुणी भरत नाही. केसांना तेल लावताना बाटली उजेडात धरून बघायची ती, किती उरलंय म्हणून. आणि इथे डबा रिकामा केलाय. तुमच्या सगळ्या वाफेला तिने दारातच उभं केलं, आत येऊ दिलं नाही.

दाजी : बोट पुसायला काहीतरी दे.

धाकटा : घ्या. दाजी?

दाजी : काही नाही. डोळ्यात वाफ गेली.

धाकटा : वाफ केव्हाची गेली. बसा जरा. चहा घ्या.

दाजी : चहा नंतर. मग अडलंय कुठे?

धाकटा : बाहेरच. साखळीचं चाक आणि अंग यांच्या मधल्या फटीत मीठ बसून दगड झालाय. अजून एक पातेलं ओतू. मग तुम्ही दांडा धरा. जोर लावू नका. झोपलेल्या माणसाला हलवतात तसं, जरा पुढे, जरा मागे.

दाजी : हलला.

धाकटा : तुमचा खांदा हलला.

दाजी : आता?

धाकटा : नाही. करत राहा.

दाजी : आता?

धाकटा : थांबा. बोलू नका. पुन्हा करा.

दाजी : वाजला.

धाकटा : वाजला. हलक्या हाताने, दाजी, जीव काढू नका त्याचा. फिरतोय. नवीन तेल भरतो, मग इथेच धक्क्यालगत नांगर सोडून उचलून बघू. तुम्ही मागे जा, एंजिन लावा. मी फिरवतो.

दाजी : जातो.

धाकटा : सोडला नांगर. लागला तळाला. आता उचलतो. ऐकू येतंय का तिकडे?

दाजी : थांब. धाकट्या, थांब.

धाकटा : का? अडकलं का काही?

दाजी : नाही. इतका भरभर नाही वाजायचा.

धाकटा : मी नांगर उचलतोय, तबला वाजवत नाहीये.

दाजी : ती मध्ये थांबायची. साखळीचा चिखल ब्रशने काढायची, दम घ्यायची, मग पुढे. हा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतोय.

धाकटा : मग तुम्हीच या. चाल तुम्हाला माहीत आहे.

दाजी : मी कधी फिरवलेला नाही.

धाकटा : इतक्या वर्षांत?

दाजी : हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तुमच्या हाताला घाई आहे, दात मोडाल.

धाकटा : आता कोण ओरडणार आहे? या. दाजी, चुकलं, तसं म्हणायचं नव्हतं मला.

दाजी : बरोबर म्हणालास. येतो. तू सुकाणू धर.

(दोघे जागा बदलतात. आता धाकटा मागे सुकाणूपाशी, दाजी पुढे रहाटाजवळ. आवाज चढवून बोलतात.)

दाजी : वाकून होत नाही रे. पाठ भरते.

धाकटा : वाकायचं नाही, खाली बसायचं. ती बसायची, एक पाय कठड्याला लावून.

दाजी : बसलो.

धाकटा : मग फिरवा. तुमच्या चालीने.

दाजी : तू चपला काढल्यास का?

धाकटा : हो, भिजल्या. तुम्हाला काय करायचंय?

दाजी : तुझे पाय दिसतात.

धाकटा : तिथून? मध्ये केबिन आहे की.

दाजी : केबिनला पुढे काच आहे. मागचं दार उघडं आहे. खाली बसलं की आरपार दिसतं. गुडघ्यापर्यंत. वरचं नाही.

धाकटा : मला तुम्ही दिसत नाही.

दाजी : नाहीच दिसणार. मलाही कधी दिसली नाही.

धाकटा : म्हणजे ताईला तुमचे पाय...

दाजी : खटका थांबला की मी एंजिनला हात घालायच्या आत तिची हाक यायची. अहो, येतोय वर, घाई करू नका. मी म्हणायचो, हिला कळतं कसं.

धाकटा : मला एकदा म्हणाली होती. तुझे दाजी घाबरले की एका पायावर उभे राहतात आणि दुसऱ्याने पोटरी खाजवतात. मला वाटलं, थट्टा करते.

दाजी : कधी म्हणाली?

धाकटा : नीट आठवत नाही. जेवताना कधीतरी. घास घशात अडकेपर्यंत हसली होती.

दाजी : मला कधी बोलली नाही.

धाकटा : बोलली असती तर तुम्ही पाय आवरून उभे राहिला असतात.

दाजी : राहिलो असतो. मला वाटायचं, मीच एकटा कान लावून असतो.

धाकटा : नांगर अर्ध्यात लोंबतोय, दाजी.

दाजी : उचलतो. त्याआधी तू एक कर. एका पायावर उभा राहा.

धाकटा : धक्क्यावर माणसं आहेत.

दाजी : असू दे. राहा जरा.

धाकटा : राहिलो. दुसऱ्या पायाचं काय करू?

दाजी : पोटरीवर घे. जरा वर. हं. आता हलू नकोस.

धाकटा : काय दिसतंय?

दाजी : मी दिसतोय.