दत्ताजी गुरुजींचे नऊ आणि श्रियाचे आठ

...नाही, मला एक सांगा, पृथ्वीसुद्धा ग्रह आहे हे मला आता नातीनं शिकवायचं? चाळीस वर्षं ग्रह मांडतोय मी, चाळीस वर्षं! देवास, धार, पार सरदारपूरपर्यंत लोक बोलावतात, 'दत्ताजी गुरुजी, या, ग्रहशांती करा'... आणि आमची श्रिया, वय वर्षं नऊ, तोंडावर विचारते, 'आजोबा, आपकी लिस्ट में पृथ्वी किधर है?'

हो, हिंदीतच! तेच तर दुखणं आहे. गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बोलायला उभी राहिली, दुसऱ्याच वाक्याला अडली, कुणीतरी फिसकन हसलं, रडत खाली आली, आणि त्या दिवसापासून मराठी बंद. मी विचारावं 'जेवलीस का गं?', तिनं म्हणावं 'हाँ, खा लिया.' जीव तुटतो हो! म्हणून यंदा मीच तिचं नाव दिलं. विषय, सूर्यमाला. म्हटलं, हा आपल्या हातातला विषय. चाळीस वर्षं ग्रह मांडतोय मी!

बसलो शिकवायला. म्हटलं, 'म्हण, रवी, चंद्र, मंगळ...' तर उसळलीच! 'सूरज तो तारा है! और चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, वो ग्रह कैसे?' ऐकलंत? 'पृथ्वीभोवती फिरतो'! रागाच्या भरात मराठी! मग काय, मी मुद्दाम भांडायला लागलो. म्हटलं, बुध सगळ्यात मोठा. 'नाही! बुध सगळ्यात छोटा, अठ्ठ्याऐंशी दिवसांत सूर्याचं चक्कर मारतो! मोठा गुरू!' म्हटलं, शनीच्या पुढे हर्षल. 'हर्षल तो मेरी क्लास में है! ग्रहाचं नाव अरुण आहे!' आता माझ्या पंचांगात हर्षल, तिच्या पुस्तकात अरुण, ग्रह बिचारा एकच, युरेनस... आठवडाभर भांडलो, तिचे आठ ग्रह पाठ झाले. माझेही.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष, उदाजीराव. पोरगी छान सुरू झाली, शनीच्या कड्यांत बर्फाचे तुकडे असतात इथवर आली, आणि उदाजीराव मोठ्यानं म्हणतात, 'अगं बाळ, राहू-केतू राहिले की!' हॉल हसला. ओठ थरथरला तिचा, माझ्याकडे बघते... मी काय खूण करणार? राहू-केतूंना दर पूजेत पाटावर बसवणारा मीच ना! चाळीस वर्षं ग्रह मांडतोय मी!

आणि उदाजीरावांकडे वळून बोलली हो! 'आजोबा, राहू-केतू दिसत नाहीत. चंद्राचा रस्ता सूर्याच्या रस्त्याला दोन जागी कापतो ना, ते चौराहे आहेत ते. ग्रहण तिथेच लागतं.' चौराहे! असू द्या, चौराहे तर चौराहे! उदाजीराव उठून टाळ्या वाजवताहेत, आणि मी... तुम्हाला खोटं कशाला सांगू, मी उपरण्यात तोंड घालून रडलो.

आता घरात मराठीशिवाय शब्द नाही. काल आम्हाला टेकडीवर देवीच्या दर्शनाला जायचं होतं, रिकामी ऑटो समोरून निघाली, मी इथल्या सवयीनं ओरडलो, 'ए भिया, रुको!' तर ही माझा हात खेचून म्हणते, 'आजोबा, मराठीत!' आता तुम्हीच सांगा, देवासच्या ऑटोवाल्याला 'थांब रे बाबा' म्हणून होईपर्यंत तो थांबणार आहे?... गेलो पायी.