पोट आत, छाती बाहेर

(कराड. फिजिओथेरपिस्ट मिस्बाहची खोली. कॉटवर निवृत्त सुभेदार उदयसिंह आडवे; शेजारी स्टुलावर त्यांची बायको बनुबाई.)

मिस्बाह : श्वास घेताना खांदे कशाला उचलताय, काका? पोटावरचा हात हलला पाहिजे.

उदयसिंह : सत्तावीस वर्षं पोट आत, छाती बाहेर. आता सोड म्हटल्यावर सुटतंय व्हय?

बनुबाई : झोपेतबी सावधानच असत्यात.

मिस्बाह : त्यानंच त्रास होतो. हवा कमी पडत नाही, तुम्ही गरजेपेक्षा जास्त ओढता. मग चक्कर, हाताला मुंग्या.

उदयसिंह : मला हार्टचाच वाटतो. तीनदा ईसीजी काढला.

मिस्बाह : तिन्ही चांगले आले. आता नाकानं घ्या, थोडाच. सोडताना जास्त वेळ लावा. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं.

उदयसिंह : किती दिवस?

मिस्बाह : सहा-आठ आठवडे तरी.

बनुबाई : आन बारा दिवसांवर शिवांजलीच्या बाळंतपणाची तारीख आलीया. सांगलीला जायाचंय मला. लेकीच्या घरात दुसरं बाईमाणूस न्हाई.

उदयसिंह : हितं मला झटका आला म्हंजे?

बनुबाई : ऐकलं? म्हशीचं तरी दावं सोडत्यात पाण्यावर न्यायला.

मिस्बाह : झटका आपोआप उतरतो, काका. काकी नसल्या तरी उतरेल.

उदयसिंह : हिनं हात धरला तरच उतरतो.

बनुबाई : परवा मी दळण आणाय गेले, तर शेजाऱ्याच्या गाडीवर बसून गिरणीत हजर. पिठाच्या रांगेत हात धरून हुभी मी. बाया बघत्यात.

उदयसिंह : जीव चालला हुता माझा.

बनुबाई : व्हय. दर खेपेला चालतो.

मिस्बाह : काकी, जरा इकडं बसा. तुम्ही करून दाखवा, बघून काकांना जमेल.

बनुबाई : मला काय झालंय?

मिस्बाह : काही नाही. हात पोटावर ठेवा. घ्या... घ्या ना.

बनुबाई : घेतला की.

मिस्बाह : हात हलला नाही.

उदयसिंह : बघा. हिलाबी येत न्हाई, आन मला शिकवती.

मिस्बाह : काका, थांबा. काकी, तुम्ही श्वास धरून बसलाय.

बनुबाई : सवय लागलीया. ह्यांचा नीट चाललाय का, त्यावर कान ठेवावा लागतो. आपला चालू असला की ऐकू येत न्हाई.

मिस्बाह : दिवसभर?

बनुबाई : न्हाई, दिवसभर कसा धरीन? हे आंघोळीला गेले की पाण्याच्या आवाजात तसंबी काय कळत न्हाई. तवा घेती.