टोपलंभर जमीन खाटेवर

आजच्या सभेचे अध्यक्ष सरपंच वामनराव, मंचावर बसलेले डॉक्टरसाहेब, ज्यांच्या निरोपासाठी हा मांडव घातला त्या आमच्या नर्सबाई बेबीताई, आणि समोरच्या मायबहिणींनो, बापेमाणसांनो!

मी झुंबरबाई. दुसरीत शाळा सुटली. मला बोलायला उभं केलं याचा आनंद एवढा की सकाळपासून चहा गोड लागला नाही; नंतर कळलं, सूनबाई साखरच विसरली होती. असो.

खरं सांगा, बेबीताईंची पांढरी साडी गल्लीत दिसली की आपण काय करायचो? कड्या लावायचो. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटलेल्या माणसाकडे ती जाते, म्हणजे पेटीत मरणाची सुई आहे, असं गाव म्हणे. मीही म्हणे.

मग माझ्या मालकांना, आमच्या कोकिळाच्या बाबांना, पोटाचा असाध्य आजार निघाला. नाव घेत नाही त्यांचं, उखाणाही आता आठवत नाही. दिवाळी सरली होती. डॉक्टरांनी घरी पाठवलं, आणि आमचे भाऊजी उकंडराव (ते बघा, खांबामागे लपले) यांनी भावाला लगेच खाटेवरून खाली घेतलं. खाटेवर जीव गेला तर गती नाही, ही आपली रीत. सारवलेली गार जमीन, आणि अंगात नुसती हाडं. ते कण्हायचे, मी कान झाकायची. तेही ऐकवेना, आणि खाटही भिववी.

तेवढ्यात बेबीताई दारात. भाऊजी आडवे आले.

"बाई, अजून वेळ हाये. पेटी बाहीरच ठेवा."

"आधी त्यांना खाटेवर घ्या. जमीन टोचतेय त्यांना."

"अन् खाटेवरच गेले तं? भूत होऊन कोनाले धरतीन? मलेच ना!"

तोवर आतून आवाज आला, "अबे उकंड्या, मले काऊन खाली टाकलं बे? जमीनच पायजे तं टोपलंभर आन वावरातली, अन् ठेव माह्या उशाशी!"

मी हसले की रडले, आठवत नाही. टोपलं घेऊन वावरात मीच धावले. काळी माती उशाशी ठेवली, त्यांना वर घेतलं. बेबीताईंनी सुई काढली तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं.

"यानं जाईन का हो जीव?"

"नाही मावशी. आजार यानं जात नाही, जीवही नाही. दुखणं तेवढं दबतं."

ते झोपले. मी त्यांच्या नाकासमोर तळहात धरून बसले. श्वास लागतोय ना? लागतोय ना? दुपारी डोळे उघडून म्हणतात, "हात काढ व. माशी हाये का मी? भाकर आन."

बेबीताई येत राहिल्या. कधी सुई, कधी नुसतं तोंड पुसणं, कूस बदलणं, माझ्याशी बोलणं. मरणाची सुई म्हणत होतो ना आपण? कापसाची शेवटची वेचणी घरात आलेली कोकिळाच्या बाबांनी पाहिली, कापूस हातात चुरून पाहिला. मग एका पहाटे गेले. खाटेवरच, हात त्या मातीत.

खरी भीती त्यानंतरची. दहाव्याला नदीवर पिंड मांडला. अख्खी भावकी कावळ्याकडे बघतेय. नाही शिवला तर? खाट कोणी मान्य केली होती? मी. भाऊजींनी हात जोडले, "दादा, माफ कर, तुह्यासाठी..." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंड घेऊन उडालासुद्धा!

त्या दिवसापासून गल्लीतल्या कड्या निघू लागल्या. पहिली भाऊजींची.

बेबीताई, तुमची बदली खामगावला झाली. मला आनंद आहे, तिकडची माणसं दुखण्यातून सुटतील. पण भीतीही वाटते हो. माझी पाळी येईल तेव्हा कोण येईल? खाट आहे. टोपलं मी भरूनच ठेवलंय. खामगावहून आपल्याकडे येणाऱ्या मोताळ्याच्या गाडीत बसून या. घाबरलेली असेन मी, पण दार उघडं असेल.

एवढा वेळ ऐकलंत, उपकार झाले. अडाणी तोंड आहे, काही वावगं गेलं असेल तर पोटात घाला. भाऊजी, तुम्हीसुद्धा. या आता खांबामागून बाहेर.